हेडरला दोन हात रंग

भंगारवाला साडेदहाला येणार होता. सुकन्याने आठपासून चार वेळा घड्याळ पाहिलं होतं.

दिल्ली कॅन्टोन्मेंटमधल्या क्वार्टरसमोर तिच्या वडिलांची जुनी पेट्रोल पिकअप बॉनेट उघडून उभी होती. सुभेदार शहाजी भोईटे महिनाअखेर निवृत्त होऊन साताऱ्याला चालले होते. इंजिनातला धूर बाहेर नेणारा बिडाचा मॅनिफोल्ड तडकला होता आणि तसा नवा कुठे मिळत नव्हता. त्यांनी गाडी मोडीत काढायचं ठरवलं. सुकन्या याच गाडीवर ड्रायव्हिंग शिकली होती. बाबांनी हीच घेऊन गावी जावं, असा तिचा हट्ट होता.

"शनिवारी साडेदहापर्यंत चालती करून दाखव," ते म्हणाले होते. "नाहीतर कबाडी."

मॅनिफोल्डऐवजी बसणारे, सुट्या नळ्यांचे दोन हेडर तिने काश्मिरी गेटच्या स्पेअर पार्ट बाजारात पाहिले. दुकानदार लांब नळ्यांचा गळ्यात मारत होता. त्याने ताकद वाढते म्हणे. पण इंजिनाशेजारच्या जागेचा तिने पुठ्ठ्याचा साचा कापून नेला होता. लांब नळी स्टिअरिंगच्या दांड्याला टेकली असती. तिने आखूड नळ्यांचा स्टेनलेस स्टीलचा घेतला, वर सांध्यात बसवायचं एक जादा गॅस्केट. शुक्रवारी संध्याकाळी जुना मॅनिफोल्ड उतरवला, हेडर व्हरांड्यात ठेवला आणि ऑफिसचा कॉल आला म्हणून ती आत गेली.

सकाळी सव्वानऊला शेवटचा नट आवळून तिने चावी फिरवली. इंजिन सुरू झालं. पाठोपाठ उग्र वासाचा धूर आणि टक, टक, टक.

"आवाज येतोय," शहाजी म्हणाले.

"ऐकू येतंय, बाबा."

तिने इंजिन बंद केलं. स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने नळी खरवडली. चंदेरी पापुद्रा निघाला. खाली वेगळंच चकचकीत स्टील.

"याला रंग कोणी दिला?"

शहाजींनी तो पापुद्रा बोटांत धरला. "युनिटमध्ये साहेब येणार म्हटलं की आम्ही विटासुद्धा रंगवायचो. नवं सामान कोरं कसं बसवायचं?"

"स्टेनलेस आहे. गंजत नाही ते. इंजिनाला टेकते ती सपाट बाजूपण रंगवलीत?"

"दोन हात."

तिला हसू आलं, रडूही. तो रंग जळून मध्ये फट पडली होती, टकटक तिथूनच येत होती. ती लगेच पाना घेऊन वाकली.

"हात भाजेल. थांब जरा."

"थांबायला वेळ आहे का?"

"आहे. वीस मिनिटं."

ती गाडीभोवती फेऱ्या मारत राहिली. वीस मिनिटांनी दोघांनी हेडर उतरवला. शहाजी बनियनवर खाली बसले आणि पॉलिश पेपरने सपाट बाजू घासू लागले. तिने पुढे केलेला हात त्यांनी बाजूला सारला.

टेम्पो दहा पंचवीसला आला. ती नव्या गॅस्केटवर नट आवळत होती, मधून सुरुवात करून दोन्ही कडांकडे. भंगारवाला पिकअपच्या पत्र्यावर टिचक्या मारत फिरला. तिने चावी फिरवली.

टकटक नव्हती. नळ्यांवरचा रंग मात्र अजून धुमसत होता.

"सूबेदार साहब, ये तो जल रही है," भंगारवाला म्हणाला.

"रंग है," शहाजी म्हणाले. "सातारा पहुँचते-पहुँचते उतर जाएगा."