उजेडामागे न वळलेला डोळा

मित्रांनो, डॉक्टरांच्या खिशात पेनाशेजारी अडकवलेली, बोटाएवढी जुनी टॉर्च म्हणजे मी. कारखान्यात माझ्या पोटात पहिल्यांदा सेल घातले तेव्हा मी लख्ख पेटले होते. तिथून इस्पितळाच्या तातडीच्या विभागात आले. किती घसे पाहिले, किती डोळे! पुढे प्रत्येकाच्या हाती मोबाईल आला आणि मला कुणी विचारेना. माझा उजेड पिवळा पडला. वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू?

एका सकाळी एक सुतार आपल्या लहानग्या मुलीला कडेवर घेऊन आला. घरी तिला खारू म्हणत. तिचा डावा डोळा टम्म सुजून मिटला होता आणि अंगात ताप होता.

"रात्री काहीतरी चावलं असणार," सुतार म्हणाला. "नुसते थेंब लिहून द्या, बाई. डोळा उघडू नका, हात लावला तरी कळवळते."

बाहेर रोग्यांची रीघ लागली होती. डॉक्टरबाईंनी पेन उचललंही. तेवढ्यात खारू शिंकली.

"सर्दी आहे?"

"आठवडा झाला की. पण ते नाकाचं झालं. दुखतोय डोळा!"

"नाक आणि डोळा सख्खे शेजारी आहेत, दादा. मधली भिंत कागदासारखी पातळ." बाईंनी पेन खाली ठेवलं.

त्यांनी मोबाईलचा झोत टाकला. खारूने किंचाळून तोंडच फिरवलं. मग माझी आठवण झाली. अडला हरी म्हणतात ना, तसं झालं. गाढव अर्थातच मी. पण माझा मिणमिणता उजेड तिला सोसला. बाईंनी सुजलेली पापणी हलकेच उचलली.

"मान हलवायची नाही हं. फक्त या उजेडाकडे बघ."

मी बाजूला सरकले. उजवा डोळा लगेच माझ्यामागे आला. डावा जागचा हलला नाही, आणि खारू कळवळून रडली. बाईंनी उजवा झाकला, तर उजेड धुरकट दिसतो म्हणाली.

"सूज नुसती पापणीची नाही, डोळ्याच्या मागे आहे," बाई म्हणाल्या. "घरी नेलंत तर नजर जाईल. जिवावरही बेतू शकतं. आत्ताच भरती करायचं."

सुताराने मुलीला पलंगावर ठेवलं.

स्कॅनमध्ये नाकाकडून डोळ्यामागे पसरलेला पू दिसला. शिरेतून औषधं सुरू झाली आणि डोळ्यांच्या सर्जननी पू काढला. नजर वाचेल का, हे मात्र कुणी छातीठोकपणे सांगेना. सुतार तिच्या उशापासून हलला नाही.

सूज उतरली तेव्हा बाई तपासायला आल्या. मी खिशातच होते. त्यांनी खारूचा चांगला डोळा हाताने झाकला.

"कोण दिसतंय, सांग बघू?"

खारूने डोळा बारीक केला. सुतार पुढे वाकला.

"बाबा, तुम्ही दाढी का नाही केली?"

सुतार हसायला गेला आणि ओक्साबोक्शी रडला.

मित्रांनो, डोळा सुजला, वळवताना कळ आली, तर 'काहीतरी चावलं असेल' म्हणत घरी बसू नका. तपासताना रडू आलं तर खुशाल रडा. पण पापणी उचलू द्या.