ओढ्यापलीकडचं घर

आमच्या इतिहास मंडळाचे सभासद अकरा. त्यांपैकी हयात सात आणि हजर चार. जे चौघे हयात नाहीत त्यांची नावं अजून पटावर आहेत, कारण त्यांच्या निधनाचा लेखी पुरावा कोणी सादर केलेला नाही. मंडळाचा नियमच तसा आहे : कागद नाही, तर इतिहास नाही.

चौतीस सालच्या थंडीत मंडळापुढं नारोशंकराच्या घंटेचा विषय होता. घंटा गोदेच्या काठावर, देवळाच्या भिंतीवर, येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांना दिसते. फिरंग्यांच्या वसईतून ती आली असं गावातलं शेंबडं पोरही सांगतं. पण ती आणल्याचा कागद आमच्या हाती लागेना. त्यामुळे तीन महिन्यांच्या चर्चेअंती घंटा तूर्त गृहीत धरू नये, असं ठरलं होतं.

सभा दर शनिवारी पाच वाजता, मी जिथं शिकवतो त्या शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात भरे. अध्यक्ष खंडेराव निफाडकर, निवृत्त मामलेदार. त्यांच्या उजवीकडं सावळीराम वकील, वर्तमानपत्रासह. डावीकडं एक वैद्य, जे बसल्याबरोबर झोपत. चिटणीस मी. पत्नी जाऊन सहा वर्षं झाली होती. शनिवार सोडला तर आठवड्याभरात माझ्याशी बोलणारे दोनच : खानावळीतला वाढपी, जो "भात?" एवढंच म्हणे, आणि वर्गातली पोरं, जी "हजर" म्हणत. त्यामानानं शनिवारी पुष्कळ बोलणं होई.

अशा एका शनिवारी दारात एक उंच म्हातारा येऊन उभा राहिला. अंगात बोटीवरचा निळा कोट, दोन बटणं पितळेची, बाकीची हाडाची. वहाणा त्यानं बाहेरच काढल्या होत्या.

"काय काम आहे?" खंडेरावांनी विचारलं. मामलेदारी सुटली तरी हा प्रश्न सुटला नव्हता.

"इनायत कोकणी. कोकणीपुऱ्यात राहतो, पुतण्याकडं. हबीब टांगेवाला, तो माझा पुतण्या. एक गाव लिहून घ्यायचं होतं, साहेब."

"तालुका कोणता?"

"कालुम्बान. मनिलाच्या खाली, बोटीनं तीन दिवस."

वकिलांनी वर्तमानपत्र खाली केलं. "मनिला म्हणजे जिथनं दोर येतो ते?"

"तेच. दोर आला तसा मीही आलो."

"आणि ते गाव आम्ही कशाला लिहायचं?"

"ते आता नाही म्हणून," इनायतमिया म्हणाले. "जळालं. राहिलेली माणसं दुसऱ्या बेटांवर गेली, तिथं मेली असतील. मी सहासष्ट वर्षांचा आहे. माझ्यामागं ते ठाऊक असलेलं कोणी उरणार नाही. तुम्ही जुनी गावं लिहिता असं ऐकलं."

घड्याळात सव्वापाच झाले होते आणि शाळेचा शिपाई धोंडीराम साडेपाचला चहा आणी. तोवर मंडळाकडं दुसरं काम नव्हतं. खंडेरावांनी बसायची खूण केली.

ते स्टुलावर बसले आणि सांगू लागले. स्पेनच्या राजाचा अंमल होता तेव्हाची गोष्ट. एक पाद्री बोटीतून आला. देऊळ नाही, वही नाही, बरोबर नुसती एक घंटा. ती त्यानं किनाऱ्यावरच्या झाडाला टांगली आणि वाजवत बसला. लोक डोंगरात पाच घरं इथं, तीन तिथं, असे विखरून राहत. काही आवाज ऐकून आले, काहींना शिपायांनी आणलं. सगळ्यांना एका जागी वसवलं. मध्ये चौक, चौकाच्या एका अंगाला देऊळ, समोर कचेरी, भोवती पट्टीनं आखल्यासारखे सरळ रस्ते. वजनदार माणसं देवळाजवळ, बाकीची मागं. आणि कायदा एकच. घंटा ऐकू येते तो गावचा, येत नाही तो रानचा.

"सारा कोण वसूल करी?" खंडेरावांनी विचारलं.

"शिपाई. पण कोणाकडनं किती, ते पाद्री सांगे. जन्म, लग्न, मरण, सगळं त्याच्याच वहीत."

"एकाच माणसाकडं? फार सोयीचं," खंडेराव म्हणाले, आणि त्यांचा चेहरा क्षणभर हळवा झाला.

"पुढं लाटसाहेबाचा हुकूम आला की सगळ्यांनी आडनावं घ्यायची. मनिलाहून छापील याद्या निघाल्या. कालुम्बानच्या वाट्याला त्यातलं एकच पान आलं, आणि त्या पानावर सगळी 'द'ची आडनावं. दालिसाय, दामासिग, दिवाता, दुमालाग. अख्खं गाव 'द'."

"म्हणजे आपल्याकडचे दाते, दामले, देशपांडे, दीक्षित," वकील म्हणाले. "मग तिथंही इतिहास मंडळ असणार."

वैद्य सोडून सगळे हसले. इनायतमियाही हसले, पण पाहुण्यासारखे.

"पुरावा काय?" खंडेराव मूळ मुद्द्यावर आले. "सनद, शिक्का, महजर?"

"पाद्र्याची वही होती. तीही जळाली. एकोणीसशे दोन साली कॉलरा आला. इथं प्लेगात लोकांना घराबाहेर काढून कौलं उतरवली ना, तसं तिथं आजाऱ्यांची घरं पेटवून द्यायचा हुकूम निघाला. पाल्याची घरं. वारा फिरला आणि देवळाचं छप्पर धरलं."

"थोडक्यात, कागद नाही."

"मला घरं पाठ आहेत. एकूणएक. चौकापासून सांगू?"

आणि नकाराची वाट न पाहता ते सांगू लागले. देवळाच्या शेजारी दालिसाय, तीन मुलगे, थोरला बहिरा. त्याच्या पुढं दामासिग, विहीर त्याची, पाणी खारं. पहिली गल्ली संपायच्या आत धोंडीराम चहा घेऊन आला आणि कालुम्बान तिथंच राहिलं.

चहानंतर खंडेरावांनी ठराव सांगितला : इनायत कोकणी यांचे निवेदन ऐकले, पुराव्याअभावी त्याची नोंद घेण्यात येऊ नये.

"बरं," इनायतमिया म्हणाले. स्टूल होतं तिथं नेऊन ठेवलं आणि गेले.

दुसऱ्या दिवशी रविवार. मी सहज पूल ओलांडून पंचवटीत गेलो, तर नारोशंकराच्या घंटेखाली, नदीच्या पायरीवर निळा कोट दिसला.

"इथं कसे, इनायतमिया?"

"घंटा ओळखीची वाटते, मास्तर. आमची हिच्याहून लहान होती, पण घडण हीच. वाजवत नाहीत फारशी?"

"मंडळाच्या मते ती इथं नाहीच."

त्यांनी वर पाहिलं, मग माझ्याकडं. "तुमचं मंडळ कडक आहे," ते म्हणाले.

माझ्या खिशात इतिवृत्ताच्या कच्च्या प्रतीची वही होती. काल रात्री तो ठराव लिहिताना माझी पंचाईत झाली होती. ज्याची नोंद घ्यायची नाही ते नेमकं काय, हे नोंदल्याशिवाय ठराव पुरा होत नव्हता. निदान मला तसं वाटलं. वाटायला माझ्याकडं संपूर्ण रविवार मोकळा होता.

"सांगा," मी म्हणालो. "चौकापासून."

ते पायरीवर बोट फिरवत सांगू लागले. हे देऊळ, ही कचेरी, ही पहिली गल्ली. घर, माणसं, कोण काय करी. एक शिंपी होता, त्याला एका बाहीचं माप नेहमी चुके. एक दिवाता नावाची विधवा कोंबड्या पाळी आणि त्यांना मेलेल्या नवऱ्याच्या भावांची नावं देई. मी लिहीत गेलो. खालच्या बायकांनी धुणी पिळून नेली, दुसऱ्या आल्या. एकसष्टाव्या घरापाशी इनायतमियांचं बोट थांबलं.

"हा ओढा. ओढ्याच्या काठी शेवटचा दुमालाग, त्याच्या दारात पूल. झालं गाव."

"पुलापलीकडं?"

"पलीकडं काही नाही."

"मग पूल कशाला होता?"

ते बराच वेळ नदीकडं पाहत राहिले. मीही पाहिलं. शिक्षकाला वाट पाहण्याची सवय असते. उत्तर न येणं हा तर धंद्याचाच भाग.

"एक घर होतं," शेवटी ते म्हणाले. "पण ते गावात धरत नसत. घंटा तिथवर नीट पोचत नव्हती. वारा देवळाकडनं असला की यायची, मग ते घर गावात. वारा पडला की रानात."

"कोणाचं?"

"एका बॉम्बेवाल्याचं. आमच्याकडच्या माणसाला ते तेच म्हणत. नाशिक मी पुष्कळदा सांगून पाहिलं."

मी पेन्सिल खाली ठेवली.

बायको मार्ता, दामासिगांचीच मुलगी. इनायतमिया खोबऱ्याच्या बोटीवर कामाला होते. पाद्री म्हणाला, लग्न लावतो, आधी डोक्यावर पाणी घे. "मी म्हणालो, बोटीवर पुष्कळ घेतलंय." मग लग्न दोघांनीच लावलं, आणि पाद्र्यानं मार्ताच्या नावावर रेघ मारली. मुलगी झाली, तिला यांच्या आईचं नाव दिलं, नूरबानो. ते वहीत गेलंच नाही. सात वर्षांची होती तेव्हा साथ आली. पोर गेली, दोन दिवसांनी आई. हे बोटीवर होते.

"प्रत्येक मुडद्यामागं देवळात घंटा वाजवत. मी आलो तो राखच होती सगळी. पाद्री तंबूत राहत होता. त्याला विचारलं, माझ्या दोघींसाठी वाजवली का? म्हणाला, वहीत नाव नाही. वही जळाली होती, मास्तर. पण तीत नाव नाही हे त्याच्या ध्यानात होतं."

"मग काल मंडळात तुम्ही..."

"गाव लिहिलं गेलं असतं तर विचारणार होतो, एक घर वाढवता येईल का. गावच नाही लिहिलं, तर घराचं काय विचारू?"

मी वही मिटली.

पुढच्या शनिवारी ते आले आणि दाराशी स्टुलावर बसले. मीच बोलावलं होतं. सभा जाहीर असल्यामुळे बसायला कोणाची हरकत नव्हती. आमच्या मंडळाची आणखी एक रीत आहे : मागच्या सभेचं इतिवृत्त पुढच्या सभेच्या आरंभी चिटणीसानं वाचायचं, अध्यक्षांनी "कायम" म्हणायचं आणि सही करायची. आठ वर्षं मी ते वाचतो आहे. या आठ वर्षांत ते कोणी ऐकल्याचा पुरावा नाही.

मी धोंडीरामाला चहा त्या दिवशी आधी आणायला सांगितलं होतं. कपबश्या वाजू लागल्या तशी मी सुरुवात केली. दालिसाय, तीन मुलगे. दामासिग, विहीर. माझा वाचायचा आवाज एरवीही असा आहे की पोरं झोपतात. त्याचा आयुष्यात प्रथमच उपयोग झाला. वैद्य घोरत होते. वकील शेअरचे भाव वाचत होते. विसाव्या घराच्या सुमारास खंडेरावांनी बशीतून मान वर केली.

"हे दिवाता कोण?"

"मागच्या सभेत उल्लेख झालेला आहे."

"मग ठीक."

एकसष्ट घरं झाली. ती सभेत निदान सांगायला घेतली तरी होती. आठ वर्षांत मी इतिवृत्तात सभेत न झालेलं एक अक्षर लिहिलं नव्हतं. मी घसा साफ केला.

"ओढ्यापलीकडे घर एक. इनायत, राहणार नाशिक. त्यांची पत्नी मार्ता. मुलगी नूरबानो, वय वर्षे सात. हे घर गावात धरावे. सदर निवेदनाची पुराव्याअभावी नोंद घेण्यात येऊ नये असे ठरले."

"झालं?" खंडेराव म्हणाले. "आज लांबलं जरा. कायम."

त्यांनी सही केली. टाक झटकला तेव्हा एक ठिपका मार्तावर पडला, तो मी टिपून घेतला. मग मंडळ घंटेच्या विषयाकडं वळलं.

सभा सुटल्यावर इनायतमिया व्हरांड्यात थांबले होते.

"आता ते पुसता येत नाही?"

"पुसायला ठराव लागतो. आणि ठराव मांडायला कोणीतरी आधी ते वाचावं लागतं."

त्यांनी विचार केला. "मग नाही पुसत कोणी," ते म्हणाले. वहाणा घातल्या. कोटाची पितळी बटणं लावली, मग हाडाची. पायऱ्या उतरता उतरता वळले.

"तुमचं घर कुठं, मास्तर?"

"पुलाच्या अलीकडं. एक खोली आहे."

"कोण कोण असता?"

"मी."

"नारोशंकराची घंटा येते तिथवर?"

"माहीत नाही. कधी वाजल्यासारखी वाटते. वाऱ्यावर असेल."

"लिहून ठेवा कुठंतरी," ते म्हणाले आणि दूध बाजाराच्या बाजूनं चालू लागले.

त्यानंतर ते सभेला आले नाहीत. मी दोन शनिवार दाराशी स्टूल ठेवून पाहिलं. रविवारी घंटेखालीही दिसले नाहीत. टांग्याच्या अड्ड्यावर हबीब भेटला, त्याला विचारलं. "चाचा बरे आहेत," तो म्हणाला. "दुपारचे झोपतात आता. आधी झोपत नव्हते."

माझं घर लिहून ठेवा असं इनायतमियांनी सांगितलं होतं, ते मात्र मी पुढच्या इतिवृत्तात लिहिलं नाही. सभेत त्याचा उल्लेख झालेला नव्हता.