चार नंबरची आत्याबाई

"सचोटी कक्ष. नाव सांगू नका," फोन उचलून स्टेनोबाई म्हणाल्या.

पलीकडे कुणीतरी घसा साफ केला आणि गप्प बसलं. स्टेनोबाईंना याची सवय होती. नाव सांगू नका म्हटलं की निम्म्या लोकांना नावाशिवाय दुसरं काही आठवतच नाही. त्यांनी वही उघडली, पेन्सिलीचं टोक बघितलं आणि वाट बघत राहिल्या.

"हे कुणाला कळणार नाही ना?" पुरुषाचा आवाज होता, थोडा घोगरा.

"तुमचा नंबर एकशे सत्तेचाळीस. मला तेवढंच माहीत. बोला, मी लिहून घेतेय."

मग तो बोलत सुटला. "प्रेस विभागातला आहे मी. पत्रा दाबायच्या मशीनला एक डोळा असतो बघा, सेन्सर. हात आत गेला की मशीन जागच्या जागी थांबते. तर तो डोळा तार टाकून बंद केलाय. सारखी थांबते, माल कमी निघतो म्हणून. तीन महिने झाले. डोळा रोज तपासल्याची रजिस्टरमध्ये सही लागते, तर पुढच्या महिनाअखेरपर्यंतच्या सह्या आत्ताच करून ठेवल्यात. माझ्याकडे फोटो आहेत. आमची आत्याबाई आधीच तापट, त्यात तिला आंधळी केली. एक दिवस ती कुणाचा तरी हात घेणार."

"आत्याबाई?"

"मशीन हो. चार नंबरची. जवळ गेलं की धपाटा घालते, म्हणून."

स्टेनोबाईंना हसू आलं. पलीकडचा माणूसही जरासा हसला आणि त्याचा आवाज सैल झाला. आणखी पाच मिनिटं तो बोलला आणि स्टेनोबाईंनी त्याचा एकही शब्द खाली पडू दिला नाही.

शब्द खाली पडू द्यायचा नाही, हीच त्यांची आयुष्यभराची कमाई. बावीस वर्षं त्या मोठ्या साहेबांच्या स्टेनो होत्या. पुढे साहेब लोक स्वतःच टाइप करायला शिकले, लघुलेखन कुणाला नकोसं झालं आणि स्टेनोबाईंचं काय करायचं असा प्रश्न पडला. त्याच सुमारास कंपनीला सचोटीची आठवण झाली. कक्ष निघाला, फोन बसला आणि जिला कुठंच जागा नव्हती तिला त्या फोनपाशी बसवलं. आचारसंहितेची चोपडी वर्षातून एकदा सगळ्यांना वाटायची, सह्या गोळा करायच्या, नोकरी सोडणाऱ्याकडून गोपनीयतेचा कागद भरून घ्यायचा, हीही कामं त्यांच्याचकडे आली. त्या चोपडीवर सही न केलेला माणूस कंपनीत नव्हता, आणि ती वाचलेला माणूस बहुधा एकच होता, स्टेनोबाई.

त्यामुळे कलम सहा त्यांना पाठ होतं. तक्रारीचा सारांश शंभर शब्दांत लिहावा. पण हे एक कलम त्या पाळत नसत. सारांश म्हणजे दुसऱ्याच्या तोंडात आपली जीभ घालणं, असं त्यांचं मत होतं. माणूस धीर एकवटून बोलतो, तर त्याचं बोलणं वरपर्यंत जसंच्या तसं जायला हवं. त्या दुपारी त्यांनी एकशे सत्तेचाळीस नंबर टाइप केला, दोन पानं भरली, चुका तपासल्या आणि लिफाफा कक्षप्रमुखांच्या टेबलावर ठेवला.

कक्षप्रमुख तिशीतला, गुळगुळीत बोलणारा. वाचून म्हणाला, "मॅडम, क्या बात है. माणूस समोर बसून बोलतोय असं वाटतं."

स्टेनोबाई दिवसभर खुशीत होत्या. वय वाढलं तरी शाबासकी कुणाला कडू लागते?

कक्षप्रमुखाने ती दोन पानं नियमाप्रमाणे कारखान्याच्या मॅनेजरकडे अभिप्रायासाठी पाठवली. ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याच्याकडेच अभिप्राय. हेही चोपडीत होतं, कलम नऊ.

सतराव्या दिवशी सकाळी दारात एक माणूस उभा राहिला. पन्नाशीचा, रुंद हातांचा, हातात कंपनीचे बूट आणि ओळखपत्र. बूट जमा करायचे म्हणून पायात साधे नाडीचे जोडे घालून आला होता. त्याच्याबरोबरच्या कागदावर कारण लिहिलं होतं, 'गोपनीय दस्तऐवजाचे अनधिकृत छायाचित्रण'. प्रेस विभाग. नोकरी सव्वीस वर्षं.

"सही कुठं करायची?" त्याने विचारलं, आणि स्टेनोबाईंनी मान वर केली. तोच घोगरा आवाज.

त्यानेही मान वर केली. "फोनवर तुम्हीच होतात."

त्यांनी सहीच्या जागेवर बोट ठेवलं. बोलायचं नसतंच.

"तुम्हाला काही म्हणत नाही मी," तो म्हणाला. "तुम्हाला माझं नाव कुठं माहीत होतं? फोन करणार हे मी एकाच माणसाला सांगितलं होतं. आमचा लंबू. वीस वर्षं आम्ही दोघं एका मशीनवर. त्याच्या पोरीच्या लग्नात मी राबलो, माझा बाप गेला तेव्हा खांदा त्याने दिला. त्यानंच विकलं मला. दुसरं कुणी असणं शक्यच नाही." त्याने सही केली, पेन टेबलावर ठेवलं. "कॅन्टीनमध्ये सगळ्यांदेखत त्याच्या तोंडावर थुंकलो. एक शब्द बोलला नाही. तोंड पुसलं आणि डबा उघडला. चोराला कुठं तोंड असतं?"

तो गेला. जाताना खुर्ची टेबलाखाली सरकवून गेला.

स्टेनोबाई कपाटाकडे वळल्या. एकशे सत्तेचाळीस नंबरची फाइल कालच बंद होऊन आली होती, त्यांनी ती न उघडता ठेवली होती. आता उघडली. त्यांचीच दोन पानं. कुठंही खूण नाही, फक्त एका शब्दाभोवती लाल वर्तुळ. 'आत्याबाई.' शेजारी मॅनेजरच्या अक्षरात, 'असं कोण म्हणतं ते शोधा.' सुतावरून स्वर्ग गाठणारी माणसं ही, आणि इथे तर स्टेनोबाईंनी त्यांच्या हातात दोरखंडच दिला होता. तार, डोळा, आगाऊ सह्या, या कशाखालीही साधी रेघसुद्धा नव्हती.

शंभर शब्दांचा सारांश लिहिला असता तर तो माणूस आज मशीनवर असता. कलम सहा मूर्खाने लिहिलेलं नव्हतं, मूर्ख त्या होत्या.

फाइल घेऊन त्या कक्षप्रमुखाकडे गेल्या. "साहेब, हा माणूस आपल्या मित्रावर आळ घेतोय. मित्राने काही केलेलं नाही. माझ्या टायपिंगवरून कळलं. त्याला एवढं तरी सांगू या."

"कुणाला?"

"आत्ता सही करून गेला त्याला."

"मॅडम, त्याचा नि या फाइलचा काय संबंध? तक्रारदार निनावी आहे. तो कोण, हे आपल्याला माहीत नाही. तो माणूस फोटोसाठी गेला." त्याने फाइल अलगद मिटली. "आणि तुमची दोन वर्षं राहिलीत ना? कलम चौदा तुम्हाला मी सांगायला नको. कक्षातलं बाहेर गेलं तर निवृत्तीचे लाभ थांबतात. तुमच्या काळजीपोटी बोलतोय."

काळजी करणारी माणसं फार वाईट. त्यांच्याशी भांडताही येत नाही.

घरी स्टेनोबाई आणि त्यांची थोरली बहीण अशा दोघीच. ताईला ऐकू कमी येत असे, पण दिसत सगळं होतं. चार दिवस धाकटी नीट जेवत नाही हे बघून रविवारी सकाळी ती म्हणाली, "काय झालंय?"

"ऑफिसातलं आहे. सांगता येत नाही."

"तीस वर्षं हेच ऐकतेय. तुझ्या पोटात एवढं साठलंय, जेवण मावणार कुठं?" ताईने ताट पुढे सरकवलं. "मला नको सांगूस. ज्याचं आहे त्याला सांग."

सहीच्या कागदावर पत्ता होता. तो टिपून घेणं हाही भंगच, कलम अकरा. स्टेनोबाईंनी तो लघुलिपीत टिपला होता, जणू त्यामुळे गुन्हा छोटा होणार होता.

प्रेसवाला घरी एकटाच होता. दाराची बिजागरी काढून तेल घालत बसला होता. घरात दुरुस्त करण्यासारखं बाकी काही उरलं नसावं. स्टेनोबाई बसल्या नाहीत. उभ्या उभ्याच बोलल्या, कारण बसल्या असत्या तर बोलणं झालं नसतं.

"तुमच्या मित्राने सांगितलं नाही. माझ्यामुळे कळलं. तुम्ही मशीनला आत्याबाई म्हणालात, ते मी तसंच लिहिलं. लिहायला नको होतं. त्यावरून त्यांनी काढलं."

त्याने तेलाची बाटली खाली ठेवली.

"तुम्ही हसला होतात तेव्हा," तो म्हणाला. "मला बरं वाटलं होतं. म्हटलं, पलीकडे कुणीतरी माणूस आहे."

स्टेनोबाईंना रडू आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही.

"आम्ही दोघंच म्हणतो तसं," तो स्वतःशीच म्हणाला. "बाकीच्या पाळ्यांना माहीतही नाही. माझ्याच तोंडून गेलं." मग उठला, हात पुसले. "चला. हे त्याच्यासमोर बोला."

"तो अजून कंपनीत आहे. चोपडीत लिहिलंय, भंग दिसला तर कळवणं त्याच्यावर बंधनकारक आहे."

"माहितेय. म्हणूनच म्हणतो, यायचं तर या. नाहीतर राहू द्या."

त्याने जोर केला असता तर कदाचित त्या गेल्या नसत्या. तो नाडी बांधून दाराशी थांबला आणि स्टेनोबाई त्याच्यामागून जिना उतरल्या. दोन गल्ल्या पलीकडे तळमजल्याचं घर होतं.

दार लंबूनेच उघडलं. दाराच्या वरच्या चौकटीला डोकं लागू नये म्हणून त्याला मान वाकवावी लागत होती. प्रेसवाल्याला बघून तो बाजूला झाला नाही आणि दार लावलंही नाही. स्टेनोबाईंनी उंबऱ्याबाहेरूनच पुन्हा सगळं सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं सोपं जातं असं म्हणतात, ते खोटं आहे.

लंबूने ऐकून घेतलं. "मला माहीत होतं," तो म्हणाला.

"काय माहीत होतं?" प्रेसवाल्याने विचारलं.

"मला वर बोलावलं होतं. ते पान समोर ठेवलं. आत्याबाई कोण म्हणतं, विचारलं. मी म्हटलं, मी म्हणतो. फोन कुणी केला? म्हटलं, मीच केला. त्यांनी हजेरी काढली. फोन आला तेव्हा मी मशीनवर होतो, आणि तू रजेवर. मग काय. मला खोटं बोललो म्हणून लेखी ताकीद दिली, आणि सही घेतली, या खोलीतलं बाहेर गेलं तर तूही बाहेर."

प्रेसवाल्याचं तोंड उघडं राहिलं. "मग कॅन्टीनमध्ये बोलला का नाहीस?"

"शेजारच्या टेबलावर सुपरवायझर होता."

"नंतर?"

"नंतर दोनदा आलो. तू दार उघडलं नाहीस." लंबूने मान आणखी खाली घातली. "तिसऱ्यांदा आलो नाही. खरं सांगू? भ्यायलो. माझी अजून नऊ वर्षं आहेत रे."

गल्लीतून कुणीतरी सायकल ढकलत गेलं. ते लांब जाईपर्यंत तिघंही थांबले.

"तार?" प्रेसवाल्याने विचारलं.

"तशीच आहे. आता आत्याबाईवर मी एकटाच असतो."

स्टेनोबाई म्हणाल्या, "मी आत्ता जे सांगितलं ते तुम्हाला उद्या कळवावं लागेल. मी वाईट वाटून घेणार नाही."

"काय कळवू?" लंबू म्हणाला. "कोण आलं होतं विचारलं तर मला तुमचं नाव माहीत नाही. याच्याबरोबर कुणी पाहुण्या होत्या." मग तो दारातून बाजूला झाला आणि प्रेसवाल्याला म्हणाला, "ये आत."

"जोडे काढतो," प्रेसवाला म्हणाला आणि वाकला.

नाडी एकाच ओढीत सुटली. दुसरीही सुटली. तरी तो वाकलेलाच राहिला, दोन्ही रुंद हात जोड्यांवर ठेवून, आणि त्याची पाठ हलत होती. लंबू दार धरून उभा राहिला. स्टेनोबाईंनी नजर गल्लीकडे वळवली.