आवाजाचा वाली

नानासाहेबांनी ‘चहा’ असं टाइप करून पुन्हा कळ दाबली. लॅपटॉप गप्पच राहिला. त्यांनी मान वळवून सुनेकडे, सोनियाकडे पाहिलं आणि पडद्यावर बोट ठेवलं. अक्षरं दिसत होती, आवाज नव्हता.

घशाच्या कर्करोगात स्वरयंत्र काढून टाकल्यापासून हा लॅपटॉपच त्यांच्या वतीनं बोलायचा. त्यांच्या मुलाच्या मित्रानं, शंतनूनं, टाइप केलेलं मराठी मोठ्यानं वाचणारा प्रोग्रॅम लिहून दिला होता. सुरुवातीला नानासाहेब लाजले. मग देवगाव रंगारीला राहणाऱ्या भावाशी शेताच्या बांधाच्या वादावरून फोनवर त्यातूनच भांडू लागले. आता लॅपटॉपची ऑपरेटिंग सिस्टिम आपोआप बदलली होती, आणि गारखेड्यातलं ते घर एकदम शांत झालं.

सोनिया वाळूजच्या एका कारखान्यात तपासणीला होती. खराब भाग हाती आला की तो कुठल्या मशीनवर बिघडला, हे शोधणं तिचं रोजचं काम. इथंही तसंच सापडेल, असं तिला वाटलं.

शंतनू म्हणाला, प्रोग्रॅम होता तसाच आहे. तो ज्या भाषेत लिहिलाय, ती भाषाच नव्या सिस्टिमवर चालत नाही. लॅपटॉपच्या कंपनीतल्या मुलीनं गोड आवाजात सांगितलं की त्यांची सिस्टिम ठीक आहे, दुसऱ्यांच्या भाषा चालवणं त्यांच्याकडे येत नाही. मग सोनियानं ती प्रोग्रॅमिंगची भाषा बनवणाऱ्यांनाच लिहिलं. उत्तर आलं: भाषा आम्ही घडवतो, पण प्रत्येक सिस्टिमवर ती चालती ठेवण्याचं काम ती वापरणाऱ्यांपैकीच कुणीतरी हौसेनं करतो. तुमच्या सिस्टिमचं पाहणारे गृहस्थ मध्यंतरी सोडून गेले.

सोनियाला राग यायला हवा होता. तिला नवल वाटत राहिलं. तिनं ते उत्तर नानासाहेबांना वाचून दाखवलं. त्यांनी पाटी घेऊन लिहिलं, ‘मग याला वाली कोण?’

“कुणीच नाही, नाना. ज्याला गरज, तो.”

नानासाहेबांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात झाली होती. जरा विचार करून त्यांनी लिहिलं, ‘शेतचारीसारखं.’ कालवा सरकारचा, शेत ज्याचं त्याचं. मधली चारी मात्र ज्याला पाणी हवं तोच उपसतो. त्यांनी लॅपटॉप तिच्याकडे सरकवला.

प्रोग्रॅम लिहायला येत नाही, पण तपासून सांगता येईल, असं तिनं भाषा बनवणाऱ्या त्या लोकांना कळवलं. ते आणि शंतनू दुरुस्त्या पाठवत. कामावरून आली की ती एकेक चालवून पाही आणि नेमकं कुठं अडलं ते लिही. हळूहळू ती शंतनूला उलटे प्रश्न विचारू लागली: आवाज सिस्टिमकडे मागायचा तरी कसा? सिस्टिमनं नाही म्हटलं तर? नानासाहेब शेजारी बसून ऐकत. एका रविवारी दुपारी लॅपटॉपमधून आधी खरखर आली, मग स्वच्छ ‘चहा’. नानासाहेबांनी डोळे पुसले, भावाला फोन लावला आणि भांडण जिथं थांबलं होतं तिथून पुढं सुरू केलं.

काही आठवड्यांनी सोनियाला एका अनोळखी बाईंचा मेल आला. त्यांच्याकडेही नव्या सिस्टिमवर ती भाषा अडली होती. भाषेच्या लोकांनी सोनियाचं नाव दिलं होतं. तुम्हीच हे सांभाळता का, असं त्यांनी विचारलं होतं.

सोनियानं मेल मोठ्यानं वाचला.

“काय लिहू, नाना? मला तर अजून धड येतही नाही.”

कळा वाजल्या. लॅपटॉप आपल्या सपाट आवाजात बोलला.

“व्हय म्हण.”

ती लिहायला लागली. पुन्हा कळा वाजल्या.

“आधी विचार, त्यांच्या घरी कोण गप्प बसलंय.”