बारा जीबी आणि चपटी केबल

ऐक ना, मध्ये बोलू नकोस. माझी आत्या कृत्रिम पाय बनवते ना, तिच्या वर्कशॉपमधली जुनी हार्ड डिस्क शेवटचे आचके देत होती. सगळ्या पेशंटांच्या पायांचे स्कॅन त्यातच, बारा जीबी, दुसरी कॉपी नाही! मी आपला शहाणा, डिस्क कॉम्प्युटरमधून काढून, बाहेरून जोडायच्या यूएसबीच्या डबीत घालून त्याच जुन्या कॉम्प्युटरला लावली आणि त्यातल्या दुसऱ्या डिस्कवर कॉपी सुरू केली. म्हटलं यूएसबी नवीन, म्हणजे जलदच असणार. बघतो तर सेकंदाला जेमतेम एक एमबी! पहिल्या पिढीचं यूएसबी ते. हिशोब केला, सव्वातीन तास. आणि डिस्क हाताला चटके देतेय, कटकट वाजतेय.

"होतंय ना रे?" आत्याने विचारलं.

"होणारच!" मी म्हणालो.

कॉम्प्युटरच्या पोटात डिस्कची मूळची चपटी केबल होती. यूएसबीहून जुनी, पण सेकंदाला तीस एमबी ओढते. म्हणजे सात मिनिटांचं काम! फक्त त्यासाठी डिस्क बंद करायला हवी, आणि ती परत फिरेलच याची खात्री कोण देणार? आत्याला विचारलं असतं तर ती नकोच म्हणाली असती. ती फोन घ्यायला बाहेर गेली आणि मी बटण दाबून डिस्क बंद केली.

डिस्क जरा निवू दिली, केबल लावली, चालू केली. फिरली! आठव्या मिनिटाला सगळं उतरलं, नवव्याला डिस्क कायमची गप्प.

आत्याने आधी मिठी मारली, मग कान पिळला. "गाढवा, नसती फिरली तर? मला विचारायचं तरी!"

तू सांग, तू काय केलं असतंस?