एकाच दोराचा वाडगा

मास्तरांना जेवायला बसवणं म्हणजे काय असतं, ते त्यांच्या सुनेला विचारा. बस चालवते ती, शहरात, दिवसभर. भर गर्दीच्या चौकात लांबलचक गाडी वळवताना तिच्या कपाळावर आठी उमटत नाही, पण या एका म्हाताऱ्यापुढे तिनं हात टेकले होते. सासूबाई गेल्या तेव्हापासून मास्तरांचं जेवण म्हणजे दोन घास आणि वर घोटभर पाणी. का म्हणून विचारलं तर म्हणायचे, "उतरत नाही गं." भांडण नाही, तक्रार नाही, रुसवाफुगवा तर नाहीच. ताट हलकेच पुढे सरकवायचे आणि हात धुवायला उठायचे. अहो, भांडणाऱ्या माणसाशी दोन हात करता येतात. असल्या माणसाचं करायचं काय?

मुलानं गोडीनं सांगून पाहिलं, रागावून पाहिलं, स्वतः उपाशी राहण्याची धमकीही देऊन पाहिली. मास्तर म्हणाले, "उपाशी नको राहूस, पित्त होईल." शेवटी डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं की सोमवारी पुन्हा वजन करू, आणखी उतरलं असेल तर दाखल करून घेऊ आणि नाकातून नळी घालू. हे ऐकून सुनेच्या तोंडचं पाणी पळालं. मास्तर तेवढ्यात काट्यावरून उतरून तपासणीच्या खोलीतल्या पडद्याची शिवण बोटांनी चाचपत होते. "टीप वाकडी गेलीये," एवढंच म्हणाले.

मास्तर शिंपी. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं दुकान, खिडकीपाशी मशीन, भिंतीला लागून कापायचं टेबल. बेतायचं, कापायचं, मशीन मारायचं काम त्यांचं. काजं, बटणं आणि तुरपाई सासूबाईंची. दोघांचं सगळ्यात पटायचं, एक गोष्ट सोडून. सासूबाई दोरा दातानं तोडायच्या. गाठ मारली, दोरा ताणून धरला, मान जराशी डावीकडे कलती केली की टक्. मास्तरांच्या अंगावर काटा यायचा. "कात्री काय शोभेला ठेवलीय का?" ते ओरडायचे. "कात्री शोधेपर्यंत जेवण गार होईल," त्या म्हणायच्या आणि पानं घ्यायला उठायच्या. शेवटचा दोरा तुटला की दिवसाचं काम संपलं, असा त्या घराचा नेम होता. सून लग्न होऊन आली तेव्हापासून रोज रात्री भिंतीपलीकडून हेच भांडण ऐकत आली. सुरुवातीला तिला वाटायचं, बाई गं, काय घर मिळालंय. पुढे पुढे ते ऐकल्याशिवाय तिलाच भूक लागेनाशी झाली.

तर रविवार उजाडला, म्हणजे सोमवार उद्यावर आला. नवरा कामावर गेलेला. दुपारी सुनेनं मास्तरांसाठी ताट वाढायला घेतलं आणि वाढता वाढता थांबली. तिच्या मनात आलं, या जेवणाच्या टेबलाशी बसलं की समोरची रिकामी खुर्चीच आधी दिसते. मलाही दिसते. या माणसाला घास उतरावा तरी कसा? तिनं भाताचं पातेलं झाकून ठेवलं आणि म्हणाली, "बाबा, चपला घाला. बाहेर जेवायला जाऊ."

"मला कुठं काय लागतं," मास्तर म्हणाले.

"मला लागतं. तुम्ही नुसते सोबत बसा."

सोबत म्हटल्यावर मास्तर उठले. कुणाच्या सोबतीला नाही म्हणणं त्यांच्या रक्तात नव्हतं, आणि सुनेला ते चांगलं ठाऊक होतं.

बसच्या आगाराला लागून एक छोटंसं नूडल्सच्या सूपचं दुकान होतं. पाटीवर नाव होतं, पण ते दुकानाच्या मालकाच्या मुलखातल्या लिपीत, त्यामुळे ड्रायव्हर मंडळी त्याला नुसतं वाफेचं दुकान म्हणायची. पुढची काच कायम धुरकटलेली. आत एक लांब फळी, तिच्यापुढे उंच स्टुलं, भिंतीकडे तीन-चार टेबलं आणि फळीपलीकडे उघडाच ओटा. त्यावर एवढी मोठी पातेली की एकात लहान मूल उभं राहील. एकात हाडांचा रस्सा मंद आचेवर हलत होता, दुसऱ्यात नुसतं पाणी खळखळत होतं. आलं, लसूण, भाजलेला कांदा यांचा वास दारातच अंगावर आला. मास्तरांनी नाक पुसलं, इतकंच.

मालकच आचारी. रुंद छाती, आखूड मान, म्हणून सगळे त्याला पैलवान म्हणायचे. बोलणं अगदी मोजकं, कारण ही भाषा तो गिऱ्हाइकांकडूनच शिकला होता. सुनेनं मास्तरांना टेबलाशी बसवलं आणि फळीपाशी जाऊन हलक्या आवाजात सांगितलं, "माझे सासरे आहेत. सासूबाई गेल्यापासून जेवत नाहीत. माझं नेहमीचं दे, आणि त्यांच्यासाठी काहीतरी पातळ, थोडंसं."

पैलवानानं मास्तरांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग हात धुतले, कोपऱ्यातली एक पसरट परात ओट्यावर घेतली आणि तिच्यावरचं ओलं फडकं काढलं. परातीत तेल लावलेल्या पिठाचा एकच लांब दोर वेटोळं करून ठेवलेला होता, करंगळीएवढा जाड. सून इतकी वर्षं इथे जेवत होती, पण ही परात तिनं कधी पाहिली नव्हती.

त्यानं दोराचं टोक उचललं आणि ओढायला लागला. एक हात पुढे, दुसरा मागे, मग पहिला पुन्हा पुढे. परातीतून करंगळीएवढा निघालेला दोर त्याच्या दोन हातांमधून जाताना बारीक व्हायचा, हवेत एक गिरकी घ्यायचा आणि उकळत्या पाण्यात जाऊन पडायचा. पडायचा म्हणजे तुटून नव्हे. मागचा दोर पुढच्याला धरूनच होता. परातीतलं वेटोळं आपोआप उलगडत होतं आणि पैलवान पाण्याकडे बघतसुद्धा नव्हता. कुठे जाड नाही, कुठे बारीक नाही, कुठे अडखळणं नाही. फळीवर जेवणारे दोघे ड्रायव्हर खायचे थांबले. सुनेनं तोंडात बोट घातलं. वाटलं, आता श्वास जोरात सोडला तर हे तुटेल.

मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. मास्तर उठून फळीपाशी आले होते. चष्म्यावर वाफ जमली तशी त्यांनी तो सदऱ्याच्या टोकानं पुसला, पुन्हा जमली, पुन्हा पुसला, शेवटी काढून हातातच धरला आणि डोळे बारीक करून पाहत राहिले. सारा जन्म रिळावरून दोरा सुटताना पाहिलेला माणूस तो. दोरा कसा सुटावा हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

"कशाचा आहे?" त्यांनी विचारलं. कित्येक महिन्यांत त्यांनी आपणहून काही विचारलं नव्हतं.

"पीठ, पाणी, मीठ," पैलवान म्हणाला.

"आणि?"

"आणि काही नाही."

"तुटत कसा नाही?"

पैलवानानं खांदे उडवले. "घाई केली की तुटतो."

मास्तरांनी मान डोलावली. अशी मान ते फार थोड्यांपुढे डोलवायचे, तीही आयुष्यात एकदाच.

मास्तर टेबलाशी परत येऊन बसले, वाडगा समोर आला, आणि सुनेनं कपाळाला हात लावला. थोडंसं म्हटलं होतं तिनं, आणि हा तर काठोकाठ. रस्सा नितळ, वर हिरव्या पातीच्या बारीक चकत्या, आणि तळापासून वरपर्यंत तो एकच दोर घडीवर घडी घालून निजवलेला. त्याचं एक टोक वाडग्याच्या काठावर काढून ठेवलं होतं.

"दुसरं टोक?" मास्तरांनी विचारलं.

"तळाशी."

मास्तरांनी काठावरचं टोक चिमटीत धरलं आणि कापड पारखावं तसं अंगठ्यानं चोळून पाहिलं. मग पैलवानाला बरं वाटावं म्हणून, निव्वळ तेवढ्याचसाठी, ते तोंडात घातलं आणि थोडं ओढलं. दोन घासांचा त्यांचा कोटा झाला. आता थांबायचं होतं. पण थांबणार कसे? ओठांपासून वाडग्यापर्यंत दोर लोंबत होता. टाकून द्यावा तर चारचौघांत तोंडातून काढायचा कसा? मास्तरांनी इकडे तिकडे पाहिलं आणि दोन बोटं उघडमीट करून सुनेला खूण केली. कात्री.

सुनेला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "पैलवान," ती म्हणाली, "कात्री आहे का रे? शिंपी आहेत ते."

पैलवान हातातला झारा ठेवून टेबलापाशी आला. तो रागावला नव्हता, पण त्याचा चेहरा गंभीर होता. "हा वाडगा आम्ही रोज नाही करत," तो म्हणाला. "माणूस आजारातून उठतो, दुःखातून उठतो, तेव्हा करतो. याला लोखंड लावायचं नाही. बस झालं की दातानं तोडायचा. दात चालतो."

दातानं. मास्तरांचे डोळे असे काही विस्फारले की सुनेला हसू दाबता येईना. सारा जन्म ज्या गोष्टीसाठी बायकोशी तंटा केला, ती आता भर दुकानात करायची? त्यांनी ठाम मान हलवली. छे. आणि दुसरा मार्ग एकच होता, तो त्यांनी धरला. त्यांनी दोर ओढला.

ते खात राहिले. आत गेलेलं दाढेखाली चावायचं, पुढचे दात दोराला लागू द्यायचे नाहीत, मग आणखी ओढायचं, अशी युक्ती त्यांनी काढली. मधूनच वाडगा उचलून रस्सा प्यायचे, दोर ओठांत तसाच. हट्टी म्हातारा हो, दुसरं काय. बायकोला हरवायला निघाला होता, ती नसताना. सून पाहत होती. जे घरातल्या कुणाच्या विनवण्यांनी झालं नाही, ते एका न तुटणाऱ्या दोरानं चालवलं होतं. मास्तरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. कपाळावर घाम आला. सदऱ्याचं वरचं बटण त्यांनी सोडलं. फळीवरचा एक ड्रायव्हर न राहवून म्हणाला, "मास्तर, ही गाडी मध्ये कुठं थांबत नाही वाटतं," आणि मास्तरांनी तोंडातला दोर न सोडता त्याच्याकडे पाहून भुवया उडवल्या. त्यांनी थट्टेला उत्तर दिलं होतं. सुनेला वाटलं, आपण हललो तर हे सगळं मोडेल. तिच्या पुढ्यात तिचा वाडगा कधी येऊन पडला तेही तिला कळलं नाही.

निम्म्याहून जास्त वाडगा संपला तेव्हा मास्तरांचा वेग मंदावला. पोट भरलं होतं. कितीतरी महिन्यांनी, खरोखरचं. त्यांनी पाठ टेकली आणि वाडग्यात अजून शिल्लक असलेल्या घड्यांकडे पाहिलं. दुसरं टोक अजून तळाशीच होतं. तिथवर काही त्यांना पोचता येणार नव्हतं, आणि ते त्यांनाही समजलं होतं.

मग त्यांनी दोर दोन बोटांत धरून ताणला आणि मान जराशी डावीकडे कलती केली.

ती कलती मान सुनेच्या ओळखीची होती. खिडकीपाशी, मांडीवर कुणाचा तरी सदरा घेऊन बसलेल्या सासूबाईंची ती मान होती. मास्तरांनी रोज त्या मानेवर डोळे वटारले होते, आणि त्या वटारलेल्या डोळ्यांनी किती बारकाईनं ती पाहून ठेवली होती ते आज कळलं.

त्यांनी दात लावला. दोर तुटला आणि उरलेला रश्श्यात परत पडला.

मास्तरांनी तोंडातला घास नीट चावला, गिळला, ओठ पुसले. "कात्री शोधेपर्यंत," ते म्हणाले, "गार झालं असतं." आणि मग ते रडले. बायको गेली त्या दिवशीही रडले नव्हते, ते आता दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवून, कुणाची पर्वा न करता रडले. पैलवान पाठ फिरवून पातेलं ढवळत राहिला. फळीवरच्या ड्रायव्हरांनी माना खाली घातल्या.

बऱ्याच वेळानं मास्तरांनी चष्मा चढवला. पहिली नजर गेली ती सुनेच्या वाडग्याकडे. खायच्या काड्या जिथल्या तिथे, रश्श्यावर साय धरलेली, एक घास घेतलेला नाही.

"तुझं गार झालं की गं," ते म्हणाले. "काम संपलं. जेव आता."

सुनेनं काड्या उचलल्या. पहिला घास काही केल्या तिच्या घशाखाली उतरेना. मास्तर समोर बसून, ताट आपल्याच हातानं वाढल्यासारखे, तो उतरायची वाट पाहत राहिले.