यादीतला नववा कागद

शाळेच्या कार्यालयात माझ्या खुर्चीमागे एक यादी चिकटवलेली आहे: पत्त्याचा पुरावा म्हणून चालणारे कागद, एकूण नऊ. बारा वर्षं ती माझ्या पाठीशी असल्यामुळे मला तोंडपाठ आहे. आणि नसत्या चौकशा करायची मला खोड आहे, हेही आधीच सांगून टाकते.

म्हणून त्या मंगळवारी पलीकडच्या चार मजली इमारतीचे रखवालदार नातीला घेऊन खिडकीशी आले, तेव्हा ‘कागद नाही तर प्रवेश नाही’ एवढं म्हणून मला थांबवेना. आई गेल्यापासून पोर आजोबांकडेच होती. आमची शाळा फक्त याच भागातली मुलं घेते, आणि शुक्रवार शेवटचा दिवस.

“विजेचं बिल?” मी विचारलं.

“दिवा जिन्याच्या मीटरवर आहे, बाई.”

“पाण्याचं?”

“पाणी इमारतीच्या टाकीचं.”

“भाडेपावती?”

“जिन्याखालच्या खोलीची कसली पावती? सव्वीस वर्षं राहतोय. सेक्रेटरींना म्हटलं, दोन ओळी लिहून द्या. तर म्हणाले, आज ओळी दिल्या की उद्या खोली मागशील.”

माझं डोकंच सणकलं. पण सेक्रेटरींशी भांडून प्रवेश मिळत नाही. मी मागे न बघता यादी पुढे म्हणत गेले आणि नवव्यावर थांबले: टपालाने आलेलं, शिक्का असलेलं, स्वतःच्या नावाचं पाकीट.

“मला कोण लिहिणार?” ते हसले. “अख्ख्या इमारतीचं टपाल मी वाटतो, पण माझं कधी आलं नाही.”

“मी लिहू?” नातीने विचारलं. तिला अजून अक्षर येत नव्हतं.

मग मीच लिहिलं. त्याच दुपारी रजिस्टर केलं आणि स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन घरी गेले.

गुरुवारी पाकीट माझ्याच टेबलावर परत आलं. वर शेरा होता: ‘या पत्त्यावर अशी व्यक्ती राहत नाही.’

शुक्रवारी सकाळी रखवालदार आले. नातीच्या दोन्ही वेण्या ताठ बांधलेल्या. “पत्र काही आलं नाही, बाई.”

मी पाकीट पुढे सरकवलं. त्यांनी चष्मा लावला, नाव वाचलं आणि मटकन बाकावर बसले.

“टपालवाल्याने फाटकातूनच नुसतं आडनाव घेऊन विचारलं, हे साहेब कितव्या मजल्यावर? मी म्हटलं, असे कुणी साहेब नाहीत इथे. मला सगळे मामाच म्हणतात हो. लक्षातच आलं नाही.”

ते ‘साहेब’ मीच लावलं होतं, मान म्हणून. करायला गेले एक आणि झालं भलतंच! मला रडू यायचं बाकी होतं. पण खोड ती खोड. मी पाकीट उलटून पाहिलं.

मागे टपालवाल्यांची चिठ्ठी चिकटवलेली होती. पत्र परत पाठवायला सांगणाऱ्याने त्यावर स्वतःचं नाव, राहण्याचं ठिकाण आणि सही द्यायची असते. रखवालदारांनी नेहमीच्या सवयीने, पाकिटावरचं नाव न बघताच, ती भरली होती. पूर्ण नाव. ‘राहणार: याच इमारतीत, जिन्याखालची खोली.’ सही. आणि वर टपाल खात्याचा गोल शिक्का.

मी मोठ्या बाईंच्या खोलीकडे अक्षरशः धावले. त्यांनी पाकीट पुढून वाचलं, मागून वाचलं, पुन्हा पुढून वाचलं.

“म्हणजे हे गृहस्थ इथे राहत नाहीत, असं सांगणारे हेच?”

“हो, बाई.”

“आणि राहतात इथेच?”

“शिक्का आहे.”

त्यांनी प्रवेशाच्या अर्जावर सही केली. नात बाकावरून उडी मारून वर्ग शोधायला पळाली.

मी पाकीट फायलीत लावलं. रखवालदार अजून खिडकीशीच उभे होते.

“बाई, आत काय लिहिलंय?”

माझा चेहरा पडला. पाकीटच हवं होतं, म्हणून मी आत नुसता कोरा कागद घातला होता. तसं सांगताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यांनी हात पुढे केला. “द्या तो. माझ्या नावाने आलाय.”